वरची मूठ

वादळ आणि गुड फ्रायडे सोडले, तर आमच्या पांदुयोगचा बाजार आजवर एकदाच बंद राहिला, आणि तो तानिस सोब्रेवेगानं स्वतःच्या हुकमानं बंद केला. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, समुद्र शांत होता, आणि मासळीच्या शेडमध्ये कुत्रंसुद्धा नव्हतं. बाहेरगावचं कुणी विचारतं की असं झालं तरी काय होतं, तेव्हा आमच्या बायका तोंडावर हात धरून हसतात. शेवट गोड झाला म्हणून हसतात. त्याआधीचे काही आठवडे कुणालाच हसू येत नव्हतं, तानिसला तर मुळीच नाही.

तानिस किनाऱ्यावरच्या झोपडीत जन्मला. बाप मासे मारायचा, आई जवळा खारवून गिनामोस करायची. गिनामोस म्हणजे उखळात कुटलेला तो गुलाबी, खारट लगदा. बोटभर असला की आमच्याकडे ताटभर भात संपतो. मडकी कावडीला अडकवून तानिस डोंगराकडच्या वस्त्यांत हिंडला. पुढे बाजारात गोणपाट टाकून बसला, मग गाळा घेतला, मग गाळ्यामागं गोदाम. मनिलाच्या बोटीवर त्याच्या सुक्या मासळीची पोती चढायला लागली तेव्हा लोक त्याला शेठ म्हणायला लागले. पण सकाळी गाळ्यावर तो स्वतःच उभा असायचा, अंगात बनियन, गळ्यात टॉवेल.

त्याच्या दोन गोष्टी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. एक म्हणजे त्याचा टांगता काटा हलका होता. किलो म्हणायचा आणि किलोला थोडं कमी द्यायचा. दुसरी म्हणजे त्याचा हात जड होता. मोजून झालं की तो डोळ्यांनी गिऱ्हाईकाला जोखायचा आणि वरून एक मूठ टाकायचा. ही वरची मूठ आमच्याकडे सगळेच देतात, पाकापिन म्हणतात तिला. पण तानिसची मूठ काही औरच होती. शाळेच्या हेडमास्तरणीला चार सुके बोंबील टेकवायचा, आणि म्हातारी उर्सुला आली, जिच्या घरात लेकीची चार पोरं होती, तर तिनं घेतलं असेल त्याच्याइतकंच वर द्यायचा. हेडमास्तरणीला हे दिसायचं. पण त्यात तिलाही काही वावगं वाटायचं नाही.

मापात पाप होतं, हे मी नाकारत नाही. पण ते पाप फिरून कुणाच्या ताटात पडायचं, तेही सांगितलं पाहिजे.

मेयरबाई निवडून आल्या आणि बाजाराच्या तक्रारींनी त्यांच्या नाकीनऊ आले. पलीकडच्या गावचे लोक म्हणायचे, पांदुयोगला किलो घ्यावा आणि घरी येऊन शोधत बसावं. मेयरबाईंनी विचार केला की चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, आणि बाजार अधीक्षकाची जागा त्यांनी तानिसला देऊ केली. बायको पुरिंगनं साफ सांगितलं की ज्यांच्यासोबत जन्म काढला त्यांच्यावर साहेब होऊ नकोस. पण तानिसला कॉलरचा शर्ट घालायचा होता. खिशाला पेन लावून, टेबलामागं बसून, कुणीतरी ‘सर’ म्हणावं, ही त्याची कावड वाहण्यापासूनची हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यानं गाळा पुरिंगच्या हवाली केला आणि नारळाच्या तेलानं केस चापून बसवून नगरपालिकेत रुजू झाला.

आणि काम त्यानं चोख केलं, हे त्याच्या वैऱ्यानंही मान्य करावं. पहिल्याच सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो बाजारात आला आणि सगळ्यांत आधी पुरिंगचा, म्हणजे स्वतःचाच जुना काटा खाली उतरवला. आतली ताणलेली स्प्रिंग काढून चारचौघांना दाखवली, नवी बसवली, वर शिशाचं सील ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो पुढच्या गाळ्याकडे वळला आणि टाळ्या थांबल्या. कुणाच्या पारड्याखाली मेण होतं, कुणाच्या तबकडीचा काटा वाकवलेला होता, कुणी केळीचं ओलं पान अंथरायचं आणि पानाचंही वजन लावायचं. तानिसला काही शोधावं लागलं नाही. यातल्या निम्म्या युक्त्या त्यानंच कधीतरी कुणालातरी शिकवल्या होत्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं बाजार कुजबुजायला लागला.

तरीही निभावलं असतं. फसलं ते देल्फाच्या गाळ्यापाशी.

देल्फा ताजी मासळी विकायची. शेडच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला ऐकू जायचं, आणि तानिस साहेब झाल्यापासून विक्रेत्यांची पुढारीही तीच होती. शिवाय ती तानिसच्या मुलीची, ग्लोरिबेलची, धर्ममाता होती. बाप्तिस्म्याला पोरीला तिनंच हातावर धरलं होतं. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा कमी नसतं. तिचा काटा उघडला तेव्हा ती म्हणाली की आम्ही वर मूठ देतोच ना, मग हिशेब फिटला. तसं तर सगळेच म्हणत होते, पण तिथं गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि देल्फा तेवढ्यावर थांबणाऱ्यांतली नव्हती.

“साहेब, तुमचा काटा इतकी वर्षं हलका होता,” ती म्हणाली. जन्मभर अरे-तुरे केलेल्या माणसाला तिनं पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं. “हात जड होता म्हणून गाव तुमच्याकडं यायचं. आता काटे तेवढे जड केलेत. हाताचं काय करणार, तोडून टाकणार?”

लोक हसले. नव्या कॉलरच्या आत तानिसची मान लाल झाली. त्याच पायी तो कचेरीत गेला, फळी मागवली, आणि त्याच दिवशी शेडच्या मधल्या खांबावर पाटी लागली: माप तेवढंच. वर काही नाही. वरची मूठ देताना जो दिसेल, त्याचा गाळा दुसऱ्या दिवशी बंद. खाली सही.

रागात लिहिलेली पाटी होती ती. रात्री झोपून सकाळी वाचली असती तर त्यानं स्वतःच काढली असती. पण आमच्याकडे एकदा चारचौघांत लावलेली गोष्ट चारचौघांत उतरवणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. पाटी राहिली.

विक्रेत्यांनी भांडण केलं नाही, संप केला नाही. त्यांनी पाटी पाळली. इतकी मन लावून पाळली की गाव रडकुंडीला आलं. देल्फा पारड्यातली शेवटची कोळंबी उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची, आणि काटा बरोबर रेघेवर आला नाही तर सुरीनं माशाची शेपटी कापून पाहायची. भाजीवाली मिरची मोडून अर्धी परत घ्यायची. तांदूळवाला दाणे फुंकून उडवायचा. गिऱ्हाईकानं नुसतं तोंडाकडं पाहिलं, तरी सगळे हात जोडल्यासारखे करून पाटीकडं बोट दाखवायचे. किलो आता खराखुरा किलो होता, पलीकडच्या गावचे लोक खूश होते, आणि बाजारात मयताला आल्यासारखी शांतता होती.

घरीही तेच. पुरिंग त्याच्या ताटात भात वाटीनं मोजून घालायची आणि वाटी वरून बोटानं सपाट करायची. त्यानं आणखी मागितला की म्हणायची, “वर काही नाही.” बिचारा पँटला पट्टा लावायला लागला.

या सगळ्यात ग्लोरिबेलचं लग्न येऊन ठेपलं. मुलगा डोंगरापलीकडच्या गावचा, शाळेत शिकवायचा, माणसं भली. आमच्याकडे लग्नाची डुकरं नवऱ्यामुलाकडून येतात, चूल नवरीच्या अंगणात पेटते, आणि रांधायला हात बाजाराचे लागतात. बोलवावं लागत नाही. बाजारातल्या कुणाच्याही घरी लग्न असो, आधल्या दिवशी दुपारपासून बायका आपापली सुरी आणि पाट घेऊन येतात, लसूण सोलायला बसतात, नवरीची टिंगल करतात, आणि पुरुष पहाटे डुकरं कापून निखाऱ्यावर फिरवायला घेतात. तानिसनं स्वतः अर्ध्या गावाच्या लग्नांत कढया ढवळल्या होत्या. आता त्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि कुणी येऊन साधं “कांदे किती आणलेत?” असं विचारलं नव्हतं.

तानिसनं शहरातून आचारी आणायचं सुचवलं.

“आण की,” पुरिंग म्हणाली. “म्हणजे डोंगरापलीकडच्या लोकांना कळेल की या मुलीच्या बापाला गावात कुणी नाही.”

ग्लोरिबेल भांडी घासत होती, आणि घासून झालेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं. तानिसला ते पाहवेना. देल्फाकडं जाऊन एक शब्द टाकावा असं त्याच्या मनात दहादा आलं. पण शब्द कोणता टाकायचा? चुकलो म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि न चुकल्यासारखं बोलवायला तोंड नव्हतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो बाजारात फेरी मारत असताना म्हातारी उर्सुला पुरिंगच्या गाळ्यापाशी उभी होती. तिनं नेहमीचं थोडं गिनामोस मागितलं. पुरिंगनं मोजलं, काटा रेघेवर आणला, पुडी बांधली. पोटाला चिमटा बसावा इतकी ती पुडी लहान होती. म्हातारीनं ती तळहातावर धरली, तेवढ्यात तिला तानिस दिसला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, त्याचं काम चांगलं चाललंय हे सांगावं, अशा प्रेमानं ती बोलली.

“तुझा काटा खरा आहे हो, बाबा. सगळे तसंच म्हणतात.” मग पुडीकडं पाहून म्हणाली, “पण तो मला ओळखत नाही.”

ती निघून गेली. तानिस कचेरीत जाऊन टेबलामागं बसला. शिपायानं जेवण आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. इतकी वर्षं तो समजत होता की हलक्या काट्याची चोरी झाकायला आपण वर मूठ देत होतो. आता त्याला दिसलं की चोरी काट्यात होती, ती त्यानं काढली हे ठीकच झालं. पण रागाच्या भरात तिच्याबरोबर त्यानं जे काढून टाकलं होतं, ते चोरीचं नव्हतंच. ते त्याचं स्वतःचं होतं, त्याच्या आईचं होतं, सगळ्या बाजाराचं होतं. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाज वाटल्यावर जरा बरंही वाटलं. इतके दिवस नुसता राग होता, आणि राग धरून बसणं फार थकवतं.

दुसऱ्या दिवशी डुकरं आली. नवऱ्यामुलाच्या काकानं ट्रकमधून उतरवली, अंगणात बांधली, इकडंतिकडं पाहिलं आणि सभ्यपणानं काहीच विचारलं नाही. डुकरं ओरडत होती आणि लसणाच्या टोपलीपाशी एकटी पुरिंग बसली होती. आज गाळा उशिरा उघडते म्हणाली. तानिसनं तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि आत्ताच उघड म्हणून सांगितलं.

बाजार भरात असताना तो कॉलरच्या शर्टात गाळ्यावर आला आणि गिनामोसच्या मडक्यामागं जाऊन उभा राहिला. पुरिंग बाजूला सरली. म्हातारी उर्सुला येईपर्यंत त्यानं वाट पाहिली, आणि ती आली तेव्हा आसपासचे गाळेवाले माना वळवून पाहू लागले. त्यानं मोजलं. काटा बरोबर रेघेवर आला. तो सगळ्यांना दिसेल असा त्यानं बाजूला वळवून धरला. मग शर्टाची बाही वर न करताच सगळा हात मडक्यात घातला, आणि ओंजळ म्हणावी अशी मूठ म्हातारीच्या पानावर थापली. नवा शर्ट कोपरापर्यंत गुलाबी झाला. गाळा मधल्या खांबालगतच होता, पाटी त्याच्या डोक्यावरच होती.

देल्फा आपल्या गाळ्यामागून बाहेर आली, ॲप्रनला हात पुसत, सावकाश. तिनं पाटी वाचली, जशी काही पहिल्यांदाच वाचत होती.

“साहेब, ही वरची मूठ होती.”

“होती.”

“मी पाहिली. सगळ्यांनी पाहिली. मग आता?”

“पाटीवर लिहिलंय ना,” तानिस म्हणाला. “हा गाळा उद्या बंद. आणि पाटी मी लावली होती, मारे, रागात लावली होती.”

मारे म्हणजे आपल्या मुलीची धर्ममाता. साहेब झाल्यापासून त्यानं तिला या नावानं हाक मारली नव्हती. यापेक्षा मोठी माफी आमच्याकडे कुणी मागत नाही, आणि मागितलेली कुणाला ऐकवतही नाही. देल्फानं मान दुसरीकडं वळवली. मग ती आपल्या गाळ्याकडं परत गेली, तिथं उभ्या असलेल्या हेडमास्तरणीच्या टोपलीत तिनं दोन मोठे मासे न मोजता टाकले, आणि शेडभर ऐकू जाईल असं म्हणाली की अगबाई, माझ्याही हातून गुन्हा झाला, साहेब, माझाही गाळा उद्या बंद करा.

समोरच्या भाजीवालीला समजायला क्षणभर लागला. मग तिनं मिरच्यांची मूठ जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीत कोंबली. तांदूळवाल्यानं शेर ओतला. खाटिक, कोळशाचा म्हातारा, पावाच्या गाळ्यावरच्या बहिणी, सगळे आपापला गुन्हा ओरडून सांगायला लागले. ज्यांनी काही विकतच घेतलं नव्हतं त्यांच्याही हातात काहीबाही पडलं. एक माणूस बस पकडायला शेडमधून चालला होता, तो दोन वांगी आणि एक खेकडा घेऊन बाहेर पडला. तानिस मधल्या खांबाला टेकून उभा होता. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. मग खिशाचं पेन काढून नियमाप्रमाणे हुकूम लिहिला की उद्या सबंध बाजार बंद.

“मग उद्या दिवसभर आम्ही करायचं काय?” देल्फानं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पुरिंगकडं वळली. “कांदे किती आणलेस गं?”

त्याच दिवशी दुपारपर्यंत तानिसच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लसूण सोलला जात होता, नारळ खवले जात होते, ग्लोरिबेलच्या पहिल्या रात्रीवरून असे विनोद चालले होते की नवऱ्यामुलाचा काका उठून डुकरांकडं जाऊन बसला. देल्फानं धर्ममुलीला समोर बसवून तिच्या केसांना तेल लावलं आणि इतके दिवस न आल्याबद्दल तिच्याच डोक्यात एक टपली मारली. ग्लोरिबेल तेव्हा कुठं रडली, पोटभर रडली, आणि मग उठून सगळ्यांना कॉफी दिली. तानिसचा जीव भांड्यात पडला. पहाटे पुरुष आले, निखारे पडले, आणि उजाडेपर्यंत भाजलेल्या डुकराचा वास चर्चपर्यंत गेला.

मेयरबाई लग्नाला आल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं की बाजार का बंद आहे. तानिसनं सांगितलं की सगळ्यांनी नियम मोडला, म्हणून शिक्षा दिली. मेयरबाईंनी मांडवात भराभर जेवणारे ते सगळे गुन्हेगार पाहिले आणि पुढं काही विचारलं नाही. तानिस त्या खुर्चीवर म्हातारा होईपर्यंत राहिला. काट्यांची सीलं त्यानं कधी ढिली होऊ दिली नाहीत, आणि आमचा किलो आजही किलो आहे. पाटी मात्र पुन्हा दिसली नाही. लग्नाच्या दिवशी पुरिंगला ती दिसली होती, मांस कापायच्या जागी, उलटी घातलेली. कोयत्याचे घाव तिच्यावर इतके खोल बसले होते की ती नंतर चुलीतच गेली.

पंगती उठल्यावर तानिस शेवटी जेवायला बसला, म्हातारी उर्सुलाच्या शेजारी, बनियनवर. शर्टाचा डाग निघाला नव्हता. पुरिंगनं भाताचं पातेलं आणलं, वाटी न घेता, आणि वाढायला लागली. बऱ्याच दिवसांचा उपाशी माणूस तो, पण ढीग पाहून तोही म्हणाला, बास.

मागून देल्फाचा डाव आला आणि त्या ढिगावर आणखी एक ढीग पडला.

“बास म्हणायचं काम तुझं, तानिस,” ती म्हणाली. “थांबायचं की नाही, ते आमचं आम्ही बघू.”

तानिसनं ताट मागं घेतलं नाही.